समोच्च रेषा-निष्कर्षण

जालकाच्या (उभ्या-आडव्या रेषांच्या जाळीच्या) बिंदूंवर दिलेल्या राशीच्या मूल्यांवरून, ठरावीक मूल्य दाखवणाऱ्या समोच्च रेषा शोधून त्यांवरील बिंदूंचे सहनिर्देशक आकड्यांत मिळवण्याची क्रिया. राशी उंची असेल तर समोच्च, हवेचा दाब असेल तर समभार आणि तापमान असेल तर समताप रेषा म्हणतात. गणिताला या सर्व सममूल्य रेषाच असल्याने येथे ‘समोच्च’ ही संज्ञा सर्वांसाठी वापरली आहे. आलेखन सॉफ्टवेअर पडद्यावर रेषा उमटवते तेव्हा तिचे सहनिर्देशक त्याने आधीच काढलेले असतात. रेषेने वेढलेले क्षेत्रफळ मोजायचे असेल किंवा तीच रेषा दुसऱ्या नकाशावर बसवायची असेल, तर चित्र पुरत नाही, ते आकडे हाती यावे लागतात.

सममूल्य रेषेचा आद्य कर्ता कोण, याविषयी एकमत नाही. पीटर ब्रुइन्स या डच मोजणीदाराने 1584 मध्ये स्पार्ने नदीच्या हस्तलिखित नकाशावर सारख्या खोलीची रेषा काढली होती. तो नकाशा छापला गेला नसल्याने काही अभ्यासक एडमंड हॅली यांच्या अटलांटिक महासागराच्या 1701 च्या सुमाराच्या चुंबकीय दिक्पात (होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते) दाखवणाऱ्या नकाशाला अग्रमान देतात. जमिनीच्या उंचीपुरते पाहिले, तर गणितज्ञ चार्ल्स हटन यांचे नाव बहुधा पुढे येते. स्कॉटलंडमधील शिहॅलिअन पर्वतावर 1774 पासून झालेल्या मोजणीतून पृथ्वीची घनता काढताना त्यांच्यापुढे विखुरलेल्या बिंदूंच्या उंचींचा ढीग होता. पर्वताचे आकारमान हिशेबात आणण्यासाठी त्यांनी सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले आणि 1778 मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. फ्रान्समध्ये द्यू कार्ला यांची तशीच कल्पना 1782 मध्ये छापली गेली, मात्र ती त्यांनी त्याआधी काही वर्षे मांडली असावी. अग्रक्रमाचा वाद बाजूला ठेवला तरी प्रस्तुत विषयाला हटन यांचे काम अधिक जवळचे वाटते, कारण त्यांची रेषा मुळात गणनेसाठी होती. ती नकाशाची सजावट नव्हती.

संगणकीय रीतींत ‘मार्चिंग स्क्वेअर्स’ ही सर्वांत रूढ आहे. जालकाचे प्रत्येक चौकोनी घर स्वतंत्रपणे तपासले जाते. घराचा प्रत्येक कोपरा हव्या मूल्याच्या वर आहे की खाली, एवढेच पाहिले तर चार कोपऱ्यांच्या एकूण 16 अवस्था संभवतात. लगतचे दोन कोपरे विरुद्ध बाजूंना असतील तर त्यांमधली कड रेषा ओलांडते आणि छेदबिंदू एकघाती अंतर्वेशनाने, म्हणजे कडेवर मूल्य सारख्या दराने बदलते असे धरून, मिळतो. कडेच्या टोकांना 44 व 54 ही मूल्ये असून 50 ची रेषा हवी असेल, तर छेदबिंदू पहिल्या टोकापासून कडेच्या 0.6 भागावर पडतो. असे तुकडे शेजारच्या घरांतील तुकड्यांना जोडत गेले की रेषेची साखळी तयार होते. ती स्वतःशी मिळते किंवा जालकाच्या सीमेवर संपते.

16 पैकी दोन अवस्था मात्र संदिग्ध आहेत. समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली असले की चारही कडा छेदल्या जातात. मग चार छेदबिंदूंच्या जोड्या दोन प्रकारे लावता येतात. भूरूपाच्या भाषेत ही खिंड आहे. उंच भाग खिंडीवरून एकमेकांना जोडलेले आहेत की खोलगट भाग, हा खरा प्रश्न. चार कोपऱ्यांची सरासरी हव्या मूल्याशी ताडून पाहणे हा सोपा तोडगा. पॉल बूर्क यांची 1987 ची ‘कॉनरेक’ ही रीत घराच्या मध्यावर सरासरी ठेवून त्याचे चार त्रिकोण करते. ग्रेगरी नीलसन व बर्न्ड हामान यांनी 1991 मध्ये सुचवलेली अनंतस्पर्शी कसोटी वेगळी आहे. घरात राशी द्विरेषीय रीतीने (प्रत्येक कडेला समांतर जाताना एकघाती) बदलते असे धरले तर रेषा अपास्ताकार होते, आणि खिंडबिंदूवरील (खिंडीच्या मध्यबिंदूवरील) मूल्य समोरासमोरच्या जोड्यांच्या गुणाकारांमधील फरकाला त्यांच्या बेरजांमधील फरकाने भागून मिळते.

समजा, एका कर्णावर 80 व 52 आणि दुसऱ्यावर 40 व 36 आहेत. सरासरी 52 येते, म्हणून 50 च्या रेषेसाठी उंच कोपरे जोडलेले ठरतात. खिंडबिंदूचे मूल्य मात्र 2720 भागिले 56, म्हणजे सुमारे 48.57. ते 50 पेक्षा कमी असल्याने उंच कोपरे विलग ठरतात. आकडे तेच असूनही एका रीतीने एक डोंगर आणि दुसरीने दोन! द्विरेषीय गृहीतक मान्य असेल तर दुसरा निर्णय त्याच्याशी सुसंगत आहे. पण घराच्या आत राशी खरोखर कशी बदलते हे जालक सांगत नाही. म्हणून सहनिर्देशकांसोबत वापरलेली रीतही नोंदवणे अगत्याचे आहे.

सहनिर्देशक कोणत्या रूपात मिळतात हे सॉफ्टवेअरगणिक बदलते. मॅटलॅबचे ‘कंटूरसी’ दोन ओळींचा आव्यूह देते. त्यात प्रत्येक रेषेच्या आधीच्या स्तंभात तिचे मूल्य व बिंदूंची संख्या असते, आणि तो स्तंभही बिंदू समजून आलेखला की चित्रात भलत्याच सरळ रेघा उमटतात. ‘आर’ या संगणकभाषेतील ‘कंटूरलाइन्स’ प्रत्येक रेषेचे मूल्य व सहनिर्देशक वेगळे ठेवते. ग्नूप्लॉटमध्ये पृष्ठभाग बंद करून चित्राऐवजी तक्ता लिहवून घेतात. त्यातील बी-स्प्लाइन (वक्र तुकडे जोडून रेषा वळणदार करणारा) गुळगुळीतपणा रेषेला मूळ छेदबिंदूंवरून ढळवतो, म्हणून मोजमापासाठी एकघाती पर्यायच योग्य. पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब हे आलेखन सॉफ्टवेअर 3.6 या आवृत्तीपासून हे काम ‘कंटूरपाय’ या वेगळ्या सॉफ्टवेअरकडे सोपवते.

जालकाचे मूल्य घराच्या कोपऱ्याचे की मध्याचे, हे गैरसमजले तर संपूर्ण रेषा दोन्ही दिशांना अर्ध्या घराने सरकते. 30 मीटरच्या जालकात ही सरक प्रत्येक दिशेला 15 मीटर होते. रेषेचा आकार बिघडत नसल्याने ही चूक डोळ्यांना सहसा दिसत नाही. हवे मूल्य एखाद्या जालबिंदूच्या मूल्याशी तंतोतंत जुळले तरी अडचण येते. सपाट पठारावर तर रेषेऐवजी पूर्ण क्षेत्रच त्या मूल्याचे असते. यासाठी ‘वर किंवा समान’ असा एकच नियम सर्व कोपऱ्यांना लावतात, किंवा हवे मूल्य किंचित सरकवतात. जिथे मूल्ये गहाळ आहेत तिथे रेषा तुटलेलीच ठेवतात.