इंग्लंडमधली स्तनकर्करोग जागृती आणि नाशिकच्या स्वयंसेविका : पार्श्वभूमी

मुलामुलींकडे राहायला इंग्लंडला जाणाऱ्या नाशिककर बायकांत निवृत्त परिचारिका आणि शिक्षिका पुष्कळ असतात. त्यांतल्या काही जणी तिथल्या मराठी मंडळांत, देवळांत स्तनकर्करोगाबद्दल बोलतात. काम मोलाचे आहे. पण कोणता सल्ला कोणत्या देशासाठी, याचा घोळ वर्षानुवर्षे चालू आहे आणि त्याचे मूळ ब्रिटनच्या १९९१ च्या एका वादग्रस्त निर्णयात आहे.

या कामाची परंपरा तशी अलीकडची. शस्त्रक्रिया झालेल्या बाईने नव्या रुग्णाला भेटून धीर द्यायचा, हाताचे व्यायाम दाखवायचे, हे १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये एका रुग्ण महिलेने सुरू केले. डॉक्टरांचा सुरुवातीला विरोध होता. पुढे ही पद्धत युरोपात गेली. ऑक्टोबर हा जागृतीचा महिना १९८५ पासून, गुलाबी फीत १९९२ पासून. त्या आधीच्या काळात बहुतेक ठिकाणी एकच शिकवण होती : दर महिन्याला ठरल्या दिवशी, ठरल्या क्रमाने स्वतःचे स्तन तपासा.

ब्रिटनने १९९१ मध्ये हा मासिक विधी सोडला. त्याजागी पाच सूचना आल्या : आपले नेहमीचे कसे असते ते ओळखा, कोणते बदल पाहायचे ते जाणून घ्या, पाहा आणि हाताने चाचपा, बदल दिसला तर उशीर न करता सांगा, पन्नाशीनंतर बोलावणे आले की तपासणीला जा. हा निर्णय घाईचा वाटला होता. पण २००२ मध्ये चीनमधल्या शांघायच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. कापड गिरण्यांमधल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांपैकी निम्म्यांना स्वतपासणी नीट शिकवली, सरावही करून घेतला. दहा-अकरा वर्षांत स्तनकर्करोगाने मृत्यू शिकवलेल्या गटात १३५, दुसऱ्यात १३१. साध्या, निरुपद्रवी गाठी मात्र २,७६१ विरुद्ध १,५०५. म्हणजे जीव वाचले नाहीत, नाहक शस्त्रक्रिया वाढल्या.

इथेच गफलत झाली. ‘स्वतः तपासून उपयोग नाही’ असा अर्थ अनेकींनी घेतला. शांघायमध्ये न शिकवलेल्या बायकाही गाठ लागताच दवाखान्यात जात होत्या. उलट नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या पाड्यावरची बाई गाठ दुखत नाही म्हणून वर्षभर थांबते, आणि कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. तेव्हा सोडायचा तो कॅलेंडरचा धाक. लक्ष ठेवणे सोडायचे नाही. आमच्या मते १९९१ चा निर्णय बरोबर होता, तो अर्धवट सांगितला गेला हे नुकसान.

मुंबईत १९९८ पासून झालेल्या अभ्यासाचे वजन आपल्यासाठी अधिक आहे. दीड लाखावर स्त्रिया, दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने केलेली तपासणी. २०२१ च्या निष्कर्षांत पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले. सर्व वयांचा एकत्र आकडा मात्र ठोस ठरला नाही. भारतात २०१६ पासूनचे धोरण ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी हाताने तपासणीचे आहे. ब्रिटनमध्ये १९८८ पासून मॅमोग्राफीचे (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीचे) बोलावणे येते : वय ५० ते ७१, दर तीन वर्षांनी, टपालाने. ते फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदलेल्या बाईलाच. पत्ता बदलून नोंद बदलली नाही तर पत्र जुन्या घरी जाते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सासूला ते येणारच नाही. तिची तपासणी नाशिकला परतल्यावर. व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा एकूण ३० दिवसांपर्यंत आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच चालते, हेही आधी पाहावे.

कसे चाचपायचे हे स्तनाच्या सिलिकॉनच्या नमुन्यावर दाखवताना चुका ठरलेल्या आहेत. बोटांच्या टोकांनी टोचतात. मधल्या तीन बोटांचा सपाट भाग हवा. चिमटीत धरले की कुठलाही स्तन गाठाळ लागतो. दाब तीन : हलका, मध्यम, बरगडीपर्यंत खोल. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत जायचे आणि काख कधीच वगळायची नाही. पाळीच्या आधी गाठाळपणा वाढतो, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून पाच ते सात दिवसांनी पाहिलेले बरे. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती इंग्लंडमधल्या लेस्टरमध्येही भेटते, नाशिक जिल्ह्यातल्या पेठलाही. सुईने गाठीचा नमुना काढून केलेली तपासणी टाळल्याने निदान लांबते, हे तिथेच स्पष्ट सांगावे.

परत आल्यावर अनेकजणी उत्साहाने ऑक्टोबरातच शिबिर ठेवतात. नाशिक जिल्ह्यात तेव्हा द्राक्षाची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) चालू असते. पेठ-सुरगाण्याच्या बायका टोळीने निफाड-दिंडोरीच्या बागांत छाटणी, पेस्टिंगला (छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना औषध लावायला) आलेल्या असतात आणि रोजंदारी बुडवून कोणी येत नाही. बागेजवळ, काम सुटल्यावर संध्याकाळी, आडोसा आणि आरोग्यसेविका सोबत घेऊन बसले तर येतात. पाड्यावर जायचे तर मे महिना, भाताच्या आवणीच्या (लावणीच्या) आधी.