माँटेसरी पद्धती : प्रसार आणि साताऱ्यातील रूप

लहान मुलाने हाताने काम करत, स्वतःच्या गतीने आणि मोठ्यांच्या कमीत कमी ढवळाढवळीत शिकावे, या तत्त्वावर उभी असलेली बालकेंद्री शिक्षणपद्धती. इटालियन डॉक्टर मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी ती घडवली. सातारा-सांगलीकडे मात्र ‘माँटेसरी’ हा शब्द वर्गाचे नाव म्हणून रुळला आहे. “धाकटीला यंदा माँटेसरीत घातलं” असे सांगणाऱ्या घराला ती अजून पहिलीत गेलेली नाही एवढेच म्हणायचे असते. पद्धती परमुलखात गेली तेव्हा तिचे नाव एका वाटेने गेले आणि काम दुसऱ्या वाटेने, हे या प्रसाराचे मोठे वैशिष्ट्य.

पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडले. आईबाप दिवसभर कामावर आणि मुले जिन्यांत मोकाट. ती भिंती खराब करतात म्हणून इमारतींची देखभाल करणाऱ्या मंडळींनी त्यांच्यासाठी एक खोली दिली. ही पद्धती मजुरांच्या मुलांमध्ये जन्मली, हे पुढच्या सगळ्या प्रवासात ध्यानात ठेवावे लागते.

काही वर्षांतच तिचा गाजावाजा समुद्रापार गेला. १९१३ मध्ये माँटेसरी अमेरिकेत गेल्या तेव्हा त्यांच्या व्याख्यानांना गर्दी लोटली. पुढच्याच वर्षी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी कडक टीका केली: साधने ठरावीक, कल्पनेला वाव नाही, मुलांच्या एकत्र खेळाला जागा नाही. त्या टीकेचे वजन पडले आणि काही वर्षांत तिथला उत्साह ओसरला. तो परतला १९६० नंतर, आणि तोही मुख्यतः सुखवस्तू पालकांच्या आश्रयाने. १९६७ मध्ये ‘माँटेसरी’ या नावावर कोणा एका संस्थेचा हक्क नाही असा निर्णय तिथे झाला. पाटी कोणीही लावावी. युरोपात वेगळेच घडले. मुसोलिनीच्या राजवटीने पद्धतीला आधी आश्रय दिला, पण स्वतः विचार करणारे मूल तिला पेलवेना. १९३४ च्या सुमारास इटलीतल्या शाळा बंद पडल्या. जर्मनीत नाझींनीही त्या बंद केल्या.

भारतात माँटेसरी स्वतः येण्याच्या कितीतरी आधी पद्धती पोहोचली होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तिथे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला प्रशिक्षणवर्ग घेण्यासाठी आल्या. इटली महायुद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारने त्यांच्या हालचालींवर बंधने घातली आणि काही महिन्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. या काळात हजाराहून अधिक शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

मराठी मुलखापुरते बोलायचे तर ताराबाईंचे काम सर्वांत मोलाचे. मूळ साधने महाग, खेड्याला न परवडणारी. त्यांतला गुलाबी मनोरा घ्या: दहा लाकडी ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा. मूल ते एकावर एक रचते. एखादा ठोकळा चुकीच्या जागी बसला की चूक डोळ्यांनाच दिसते, बाईंनी सांगावे लागत नाही. ताराबाईंनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पाने, बिया, शिंपले, खडे यांतून हेच काम करून घेतले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून ‘अंगणवाडी’ आली. २ ऑक्टोबर १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेने हाच शब्द देशभर नेला. आज माण-खटावच्या अंगणवाडीत ताई चिंचोके आणि ज्वारीचे दाणे एकत्र करून मुलांपुढे ठेवतात आणि मुले ते दोन वाट्यांत निवडतात. तिथे दारावर माँटेसरीचे नाव नसते, पण काम तिचे असते.

भाषांतर खरे अवघड झाले ते अक्षरांपाशी. खरखरीत कागदाचे अक्षर बोटाने गिरवायचे आणि त्याच वेळी त्याचा आवाज तोंडाने काढायचा, ही मूळ रीत. इटालियनमध्ये एक अक्षर साधारण एकच आवाज देते, म्हणून ती चटकन जमली. देवनागरीत ‘कि’ पाहताना डोळ्याला वेलांटी आधी दिसते, तोंडात मात्र क आधी येतो. ‘सातारा’ सहज वाचणारे मूल ‘साताऱ्यात’ या शब्दापाशी अडते, कारण तिथला अर्धा र त्याने कधी हाताळलेलाच नसतो. वर्णमाला अ पासून ज्ञ पर्यंत म्हणवून घेतली तर पहिला अर्थपूर्ण शब्द हाती लागायला महिने जातात.

या प्रश्नावर सातारा जिल्ह्यात फलटणला मोलाचे काम झाले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी आधी फलटणच्या मराठी बोलीचा अभ्यास केला, मग वाचता न येणाऱ्या मुलांचे वर्ग चालवले आणि १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापली. अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न घेता थोडी अक्षरे आणि काना, वेलांटी असे एखादे स्वरचिन्ह यांचा गट घ्यायचा, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मूल ‘मामा’, ‘काका’ असे ओळखीचे शब्द वाचते. संस्थेच्या कमला निंबकर बालभवनाने माँटेसरीची पाटी लावलेली नाही. परक्या भूमीतून आलेल्या व्यक्तीने आधी इथली भाषा ऐकली आणि मग शिकवले, म्हणून ते टिकले असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत याच्या जवळचा प्रवाह ‘रचनावाद’ या नावाने आला: मूल आपले ज्ञान स्वतःच्या अनुभवातून रचते, हा विचार. त्यामागे ज्यांचे नाव घेतले जाते ते स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे एके काळी स्वित्झर्लंडमधल्या माँटेसरी मंडळाचे अध्यक्ष होते, तेव्हा नाते जवळचेच. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधले (एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटातले) वर्ग पाहायला २०१५ च्या आसपास राज्यभरातून शिक्षक येत. फरशीवर आखलेले तक्ते, मण्यांच्या माळा, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, खोट्या नोटा. परत गेल्यावर काही गावांत फक्त फरशी रंगली, मुले मात्र पूर्वीसारखीच रांगेत बसली. अमेरिकेत पाटीचे झाले तेच इथे रंगाचे झाले.

पालकांचा आक्षेप जुनाच आहे: “नुसतं खेळायलाच पाठवायचं का? लिहायला कधी शिकवणार?” त्याला तुच्छ लेखणे बरोबर नाही. ज्या घरात पाटी-पेन्सिल पहिल्यांदाच आली आहे, तिथे वहीत भरलेले पान हाच शिक्षणाचा दिसणारा पुरावा असतो. शहरांतल्या ‘माँटेसरी’ पाटीच्या काही खासगी वर्गांनी हीच गरज ओळखून चार वर्षांच्या मुलाला गृहपाठ लावला आणि ज्या नावावर फी घेतली त्याच्या नेमके उलट केले.

पद्धतीची खरी गरज जिथे आहे ती जागा मात्र अजून पुष्कळशी रिकामी आहे. दिवाळीच्या सुमारास सातारा-सांगलीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पहाटे आईबाप फडात जातात. तीन वर्षांचे, पाचचे आणि आठचे भावंड खोपीपाशी एकत्र राहते. वयवार वर्ग तिथे भरवता येत नाहीत, आणि माँटेसरीची रीत तर मिश्र वयाच्या गटासाठीच आहे. मोठी बहीण उसाच्या कांड्या लहान-मोठ्या क्रमाने लावते आणि धाकटा ते पाहून तसेच करतो. हे फडाच्या बांधावर रोज दिसते.