विमानात कधी कधी बेल्ट लावू नका असं का सांगतात?

मे महिन्यात लोहगावहून दिल्लीला निघालो होतो. दुपारची फ्लाइट, बाहेरचं काँक्रीट नुसतं रखरखलेलं, आणि आम्ही आत बसून घाम पुसतोय तेवढ्यात घोषणा झाली की विमानात इंधन भरणं चालू आहे, कृपया सीट बेल्ट लावू नका. शेजारचे काका वैतागले, "एरवी बेल्ट लावा लावा म्हणून डोकं खातात, आणि आता म्हणे लावू नका!"

माझी खिडकी उजव्या बाजूची होती त्यामुळे टँकर समोरच दिसत होता (प्रवासी डावीकडून चढतात, इंधन बहुतेक उजवीकडून, म्हणजे माणसं आणि नळ्या एकमेकांच्या पायात येत नाहीत). फोटो काढायचा मोह झाला, पण लोहगाव हवाई दलाचा तळ, तिथे नस्ता उद्योग कशाला.

आता विमानाचं इंधन म्हणजे मुळात आपलं रॉकेलच, फक्त एकदम शुद्ध केलेलं. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते, पण या जेट ए-1 ला किमान 38 अंशापर्यंत तापावं लागतं, तेव्हा कुठे पेटण्याइतकी वाफ सुटते. म्हणून ते सुरक्षित असं सगळे म्हणतात. लंडनला असेलही, पण पुण्यात मे महिन्यात पारा 40 च्या घरात जातो आणि उन्हात तापलेलं काँक्रीट त्याच्याही वर, तिथे थोडं जरी इंधन सांडलं तरी ते 38 चं गणित कोलमडतं. मग उरते फक्त ठिणगी.

आणि ठिणगीला काडी लागतेच असं नाही. डिसेंबरात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच स्थिर वीज इंधन पाइपातून वेगाने जाताना तयार होते, सगळ्यात जास्त फिल्टरमध्ये, कारण तिथे घासायला पृष्ठभाग भरपूर. वर इंधन विजेचं वाईट वाहक, त्यामुळे साठलेला चार्ज पटकन निघूनही जात नाही. यावर दोन उपाय आहेत, एक म्हणजे इंधनातच लिटरमागे अगदी काही मिलिग्रॅम असं रसायन टाकतात की चार्ज लवकर विरतो, आणि दुसरा म्हणजे ती साधी दिसणारी बॉन्डिंग वायर, टँकरपासून विमानापर्यंत. लोकांना वाटतं ती अर्थिंगची, पण तिचं काम वेगळंच आहे, टँकर आणि विमान दोघांचं व्होल्टेज सारखं करायचं, म्हणजे नळी जोडताना मध्ये ठिणगी उडायला कारणच उरत नाही. म्हणूनच ती नळीच्या आधी जोडतात आणि नळीच्या नंतर काढतात.

इंधन भरणाऱ्या माणसाच्या हातात एक वायरवालं हँडल होतं, अंगठा दाबलेला. त्याला डेडमॅन म्हणतात, नाव भयानक आहे पण कल्पना झकास: दाबून धरलं तरच इंधन वाहतं, माणूस चक्कर येऊन पडला किंवा पळाला तर प्रवाह आपोआप बंद. आपल्या पेट्रोल पंपावर नोझल अडकवून गप्पा मारतात तसं इथे चालत नाही.

हे सगळं असूनही गडबड होते. 5 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेत डेन्व्हरला एका बोइंग 777 मध्ये इंधन भरताना पंखाखालची जोडणी निसटली, इंधन फवाऱ्यासारखं उडालं आणि भडका उडाला. आतले सगळे सुखरूप बाहेर पडले, इंधन भरणारा कर्मचारी मात्र भाजला आणि नंतर वारला.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. नवीन मॉडेलचं विमान पास करताना निम्मेच दरवाजे वापरून सगळे 90 सेकंदांत बाहेर पडतात हे दाखवावं लागतं, आणि घाबरलेला माणूस बेल्टचं बक्कल गाडीसारखं बटण दाबून उघडायला बघतो, त्यात जातात सेकंद. म्हणून बेल्ट सोडलेला, मधली वाट मोकळी, दरवाजापाशी क्रू तयार. उभ्या विमानात बेल्टचा तसा फायदाही काही नाही.

हे मी काकांना सांगितलं तर त्यांनी नुसतं "हं" केलं. पण नंतर खिडकीकडे वाकून बघत राहिले, आणि त्या माणसाने नळी गुंडाळल्यावर सगळ्यात शेवटी वायर सोडवली तेव्हा मला कोपराने ढोसून म्हणाले, "वायर शेवटी काढली हो त्याने." मग बेल्टचा दिवा लागला.