सलग क्रमांकाच्या गड्डीमागचा इतिहास

१८६१च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा हक्क प्रेसिडेन्सी बँकांकडून (कलकत्ता, मुंबई, मद्रास इथल्या त्या काळच्या मोठ्या बँका) सरकारकडे गेला. त्या काळी मोठी रक्कम टपालाने पाठवायची तर नोट मधोमध कापत. एक अर्धी आधी रवाना व्हायची. ती पोचल्याचं कळलं की दुसरी. दोन्ही तुकड्यांवर तोच क्रमांक असल्यामुळे घेणारा जोडी जुळवून पैसे वसूल करी. वाटेत एक तुकडा चोरीला गेला तरी चोराच्या हाती फक्त कागद लागे. मागून चिकटवून जोडलेल्या अशा नोटा आजही संग्रहांत दिसतात. मला त्या कुठल्याही ११११११ क्रमांकाच्या नोटेपेक्षा मोलाच्या वाटतात, कारण तिथे क्रमांकाने खरोखर पैसा राखला.

१९२८ पासून नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या आणि १९३८ पासून त्या रिझर्व्ह बँकेच्या नावाने निघाल्या. शंभर नोटांची गड्डी सलग क्रमांकाचीच असायची. छपाईत एखादी नोट बिघडली, तर तिच्याच क्रमांकाची दुसरी नोट छापून त्या जागी घालत. ओवाळणीसाठी, आहेरासाठी आणलेल्या कोऱ्या करकरीत गड्डीत एकही आकडा गाळलेला नसे, त्यामागे छापखान्यातल्या कामगारांची ही चिकाटी होती. सलग नोटा जपण्याची हौस मला वाटतं तिथूनच लागली. जुन्या गड्डीतल्या नोटांना टाचणीची भोकं दिसली तर हिरमुसू नये: २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने मनाई करेपर्यंत गड्ड्यांना पिना मारत.

नोटेच्या क्रमांकातल्या सहा आकड्यांत दिवस, महिना, वर्ष नेमकं बसतं. म्हणून कुणी मुलीची जन्मतारीख शोधतो, कुणी १५०८४७. ‘बिस्मिल्लाह-इर्-रहमान-इर्-रहीम’ या पूर्ण वाक्याच्या अक्षरांची अबजद पद्धतीने (प्रत्येक अरबी अक्षराला ठरावीक आकडा धरून) बेरीज ७८६ येते, म्हणून त्या आकड्याची नोट कित्येक जण पाकिटात कायम ठेवतात. यांतल्या बहुतेक नोटा चालू व्यवहारातच सापडतात. अशा नोटांना लाखो रुपये देऊ म्हणणाऱ्या फसव्या जाहिरातींना भुलू नये. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सावधही केलं होतं.

२००६ मध्ये मात्र तो जुना शिरस्ता बदलला. आधी १०, २० आणि ५० रुपयांच्या नोटांत, बिघडलेल्या नोटेऐवजी वेगळ्याच क्रमांकाची, त्या क्रमांकातच मधे तारा (*) छापलेली नोट घालायला सुरुवात झाली. अशा गड्डीत नोटा शंभरच असतात, पण क्रम तुटलेला असतो. आत तारा आहे हे गड्डीच्या कागदी पट्टीवर लिहिलेलं असतं. त्यामुळे सलग नोटा जमवणारा ती गड्डी बाजूला सारतो आणि ताऱ्याच्या नोटा जमवणारा नेमकी तीच मागून घेतो.