बंद इंजिनात उरलेली हवा

जहाज सुक्या गोदीत (दुरुस्तीसाठी पाणी काढून टाकता येणाऱ्या गोदीत) आले, इंजिन थांबले आणि मुख्य स्विच बंद केला की दुरुस्तीला हात घालायला हरकत नाही, हा समज नवख्यांपुरताच नसतो. स्विच फक्त बाहेरून येणारी वीज तोडतो. कपॅसिटरमधला विद्युतभार, दाबलेली स्प्रिंग किंवा वर उचलून धरलेले हॅच कव्हर (मालाच्या कोठाराचे अवजड झाकण) यांतली ऊर्जा आहे तिथेच राहते.

त्यांत सर्वांत फसवी दाबाखालची हवा. मोठ्या जहाजाचे मुख्य डिझेल इंजिन सुरू करताना सुमारे ३० बार (वातावरणाच्या सुमारे तीसपट) दाबाची हवा ठरावीक क्रमाने सिलिंडरांत सोडतात आणि तीच पिस्टन खाली ढकलते. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी त्याचा दाब क्षणात उतरतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते, म्हणून त्याच दाबाच्या, तेवढ्याच हवेत पाण्याच्या हजार पटींहून जास्त ऊर्जा साठते. टाक्यांची दाबचाचणी शक्यतो पाण्याने करतात ती याच कारणाने.

आता क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनांखालच्या फिरत्या भागांच्या पोकळीत, कारागीर उतरला आहे आणि बंद केलेला व्हॉल्व्ह किंचित गळतो आहे, अशी कल्पना करा. पिस्टनचा व्यास ६० सेंटीमीटर धरला, तर अवघा १ बार दाब साठला तरी त्यावर सुमारे २,९०० किलो वजनाइतका रेटा येतो. म्हणून हवेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. पुढच्या पाइपातली हवा सोडून तो मार्ग काम संपेपर्यंत उघडा ठेवतात आणि प्रत्येक सिलिंडरचा इंडिकेटर कॉकही (बाहेर उघडणारी छोटी तोटी) उघडतात, म्हणजे गळती झालीच तरी हवा निसटते, साठत नाही. टर्निंग गिअर (इंजिन सावकाश फिरवणारी दातेरी यंत्रणा) जोडून शाफ्ट अडवतात, पण या गिअरची स्वतःची मोटर इंजिन फिरवू शकते, तेव्हा ती कोणी चालू करू नये म्हणून तिच्या स्विचलाही कुलूप लागते.

खंडेनवमीला यंत्राला झेंडू वाहण्याबद्दल तक्रार नाही. मात्र स्टार्टरला टांगलेल्या लिंबू-मिरचीने कोणाचा हात अडत नाही.

गोदीत जहाजाचे खलाशी, गोदीचे कामगार आणि ठेकेदारांची माणसे एकाच यंत्रणेवर काम करतात, त्यामुळे प्रत्येकाचे कुलूप वेगळे आणि किल्ली ज्याची त्याच्याच खिशात असावी लागते. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेने २०११ मध्ये गोद्यांसाठी काढलेल्या नियमात या साऱ्यांचा मेळ घालणारा समन्वयक नेमण्याची तरतूद आहे. जहाजावरच्या काही व्हॉल्व्हना कुलूप लावायची सोयच नसते. तिथे हा नियम टॅग (‘चालू करू नका’ अशी इशारापट्टी) लावून शिवाय आणखी एक अडथळा मागतो, जसे की फ्यूज काढून घेणे किंवा पाइपात आंधळी (भोक नसलेली) चकती बसवणे.