शोरूममधली स्पोर्ट्स कार आणि टास्मानियाचे डांबरी घाट

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटावर १९९२ साली ‘टार्गा टास्मानिया’ ही मोटार रॅली सुरू झाली. सिसिलीमध्ये १९०६ साली सुरू झालेल्या ‘टार्गा फ्लोरिओ’ या शर्यतीवरून तिचे नाव घेतले होते. वाहतुकीसाठी काही तास बंद ठेवलेल्या सार्वजनिक डांबरी रस्त्यांवर गाड्या एकामागून एक सोडायच्या, प्रत्येकीची वेळ स्वतंत्रपणे मोजायची आणि एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंतचे अंतर नेहमीच्या रहदारीतून, वाहतुकीचे सर्व नियम पाळून कापायचे, असे तिचे स्वरूप होते. ठरावीक वेळेच्या आत सर्व टप्पे पुरे करणाऱ्यांना ‘टार्गा’ ही पट्टिका मिळत असे. पहिल्या वर्षी ग्रेग क्रिक यांनी ही स्पर्धा होंडा एनएसएक्स या मोटारीने जिंकली, तर जिम रिचर्ड्स यांनी पुढे ती आठ वेळा जिंकली आणि त्यांचे नाव पोर्शे ९११ या गाडीशी कायमचे जोडले गेले. या दोन्ही गाड्या मुळात श्रीमंत ग्राहकासाठी बनवलेल्या, नंबर प्लेट लावून बाजारात नेता येतील अशा आहेत.

अशी गाडी फारसे बदल न करता रॅलीत उतरवायची म्हटली की मालकाचे लक्ष सर्वप्रथम इंजिनाकडे जाते. माझ्या मते ते सर्वांत शेवटी जायला हवे. शोरूममधून निघालेल्या स्पोर्ट्स कारमध्ये शक्ती मुबलक असते. कमतरता असते ती उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेची. घाट उतरताना करपलेल्या ब्रेकचा वास आपल्याकडे प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला असतो. डांबरी रॅलीत तीच अवस्था चढावर आणि सपाटीवरसुद्धा येते.

गणित अगदी सोपे आहे. दोन माणसे, इंधन आणि सामान धरून १,५०० किलो भरणारी गाडी ताशी १६० किलोमीटरवरून वळणासाठी ताशी ६० किलोमीटरवर आणली, तर तिची सुमारे १२.७ लाख ज्यूल गतिज ऊर्जा कमी होते. एवढ्या ऊर्जेत साधारण चार लिटर पाणी २० अंशांपासून जवळजवळ उकळीपर्यंत तापेल. तीन-साडेतीन सेकंदांत मोकळी होणारी ही ऊर्जा, हवेच्या आणि इंजिनाच्या विरोधात जाणारा थोडा भाग वगळता, ब्रेकच्या चार ओतीव लोखंडी डिस्कमध्ये, म्हणजे चाकांसोबत फिरणाऱ्या चकत्यांमध्ये, उष्णता बनून शिरते. पुढच्या दोन डिस्क मिळून अठरा किलोच्या धरल्या, तर एका ब्रेकिंगमध्ये त्यांचे तापमान ७० ते ८० अंश सेल्सिअसने वाढते. शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर पुढचा लांब सरळ पट्टा डिस्क थंड करतो. टास्मानियातील क्वीन्सटाउनजवळच्या ‘नव्याण्णव वळणां’च्या रस्त्यावर असा पट्टाच नसतो आणि सात-आठ वळणांत डिस्क ५०० अंशांच्या पुढे जाऊ शकते.

या तापमानाला डिस्कला आवळून घासणाऱ्या मूळ ब्रेक पॅडमधील रेझिन, म्हणजे पॅडचे घटक बांधून ठेवणारा पदार्थ, विघटित होऊ लागते, त्यातून निघणारा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये शिरतो आणि पेडल घट्ट लागूनही गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून पहिला खर्च अधिक तापमानाला टिकणाऱ्या पॅडवर होतो. त्यात एक अडचण आहे: असे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि टप्प्याआधीचे अंतर रहदारीतून शांतपणे कापायचे असल्याने ते थंडच राहतात. अनुभवी चालक त्यामुळे पहिल्या वळणाला ब्रेक लवकर लावतो. दुसरा खर्च ब्रेक ऑइलचा आहे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, तर ओलावा शोषलेल्या ऑइलचा किमान १५५ अंश असावा लागतो. ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ सहज दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जाते. वर्षभर गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या महागड्या गाडीत नेमके असेच जुने ऑइल असण्याची शक्यता मोठी असते.

गंमत म्हणजे सर्वाधिक धोका टप्पा संपल्यावर असतो. गाडी नोंदणीसाठी थांबली की चाकांवरून वाहणारा वारा बंद होतो, डिस्कमधील उष्णता पॅडमार्गे कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) आणि तिथून ऑइलमध्ये झिरपते, आणि वळणांवर न उकळलेले ऑइल उभ्या गाडीत उकळते. त्या वेळी पेडल दाबून धरले, तर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटून पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. म्हणून जाणकार चालक गाडी गिअरमध्ये ठेवून पेडलवरून पाय काढतो आणि हॅंडब्रेकला हात लावत नाही.

या बाबतीत पोर्शे ९११ला तिच्या विचित्र रचनेचा फायदा मिळतो. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने वजनाचा सुमारे साठ टक्के भाग मागे असतो. जोरात ब्रेक लावल्यावर भार पुढे सरकतो, तरीही मागच्या चाकांवर बराच भार उरतो आणि चारही ब्रेक काम वाटून घेतात. पुढे इंजिन असलेल्या गाडीत पुढचे दोन ब्रेक बहुतेक ओझे एकटे उचलतात. १९६५च्या माँटे कार्लो रॅलीत हर्बर्ट लिंगे आणि पीटर फाल्क यांनी मूळ गाडीत मोजकेच बदल केलेली ९११ पाचव्या क्रमांकावर आणली. त्या वर्षी बर्फामुळे २३७ पैकी केवळ २२ गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या होत्या.

टायरचे गणितही उष्णतेचेच आहे. सकाळी २० अंशांना ३२ पीएसआय हवा भरलेला टायर ८० अंशांपर्यंत तापला, तर त्यातील दाब ४१ पीएसआयच्या आसपास जातो. टायर मध्यभागी फुगतो, जमिनीला टेकणारा भाग घटतो आणि पकड कमी होते. म्हणून हवा मुद्दाम कमी भरून निघतात, आणि मग पहिले काही किलोमीटर गाडी सुस्त वाटते. पकड वळणावर किती महत्त्वाची ठरते ते पाहा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या डांबराचा घर्षणांक १ धरला, तर गाडी ताशी ८० किलोमीटरने निघते. ओल्या डांबरावर तो ०.६ झाला, तर ६२ने. ओल्या पानांवर ०.३ झाला, तर ४४ने. ही रॅली बहुधा एप्रिलमध्ये, म्हणजे तिथल्या शरद ऋतूत होत असे. उंच निलगिरीच्या सावलीतील वळण दुपारपर्यंत ओले राहते आणि त्याआधीचे उन्हातले वळण मात्र कोरडे असते. शेजारी बसलेल्या सहचालकाच्या वहीत अशा जागांची नोंद असते, आणि ती ऐकूनच चालक न दिसणाऱ्या वळणाचा वेग ठरवतो.

सस्पेन्शनच्या बाबतीत शोरूममधली गाडी दोन्हीकडून अडचणीत येते. ती बुटकी असल्याने स्प्रिंगला वरखाली व्हायला जागा थोडी, आणि टायरची भिंत पातळ असल्याने खड्ड्याचा मार थेट रिमला. १६० मीटर त्रिज्येच्या उंचवट्यावरून ताशी १४४ किलोमीटरने जाताना चाकांवरचा भार शून्याजवळ येतो. त्याच क्षणी वळण आले तर स्टिअरिंग फिरवूनही काही घडत नाही. गाडी आणखी बुटकी करण्याचा मोह टाळावा आणि शॉकअब्सॉर्बर थोडे मऊ ठेवावेत, हे अनेक मालकांना पटत नाही. अनेक नव्या स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते. पंक्चर बुजवण्याच्या फेसाची डबी फाटलेल्या टायरपुढे निरुपयोगी आहे.

सुरक्षेची साधने नियमाने सक्तीची असतात. रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा सांगाडा. त्याच्या मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची जोडरहित पोलादी नळी प्रचलित आहे. केज बसवण्यासाठी बहुधा पडद्यासारख्या बाजूच्या एअरबॅग काढाव्या लागतात, आणि हेल्मेट नसलेल्या डोक्याजवळ पोलादी नळी हाच धोका असतो. म्हणून केज बसवलेली गाडी पुन्हा घरच्या वापराला आणणे शहाणपणाचे नाही. केज प्रवाशांच्या भोवतीची जागा शाबूत ठेवतो, धक्का कमी करत नाही. ताशी १०० किलोमीटरने झाडावर आदळून गाडी ६० सेंटीमीटरमध्ये थांबली, तर सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या ६५ पट होते. धड पट्ट्यांनी बांधलेले असताना डोके पुढे झेपावून कवटीचा तळ तडकू नये, यासाठी जैवयांत्रिकीचे अभ्यासक रॉबर्ट हबर्ड यांनी १९८०च्या दशकात हान्स हे खांद्यावर बसणारे, हेल्मेटला जोडलेले साधन तयार केले. ते मूळ सीट आणि तीन टोकांच्या पट्ट्यासोबत चालत नाही. त्यासाठी शर्यतीची सीट आणि खांद्यांवरून येणारे पट्टे लागतात. चामड्याची, विजेवर सरकणारी सीट काढून टाकावीच लागते.

१९९२ची एनएसएक्स सुमारे २७४ अश्वशक्तीची होती. आजची पोर्शे ९११ जीटी३ ५१० अश्वशक्तीची आहे. दोन्ही गाड्या ताशी ८० किलोमीटरने वळणातून निघून ४०० मीटर सरळ पळाल्या आणि हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर ढोबळ मानाने जुनी ताशी १९० आणि नवी २२५ किलोमीटरपर्यंत पोहोचेल. पुढच्या वळणाआधी रिचवायची ऊर्जा दीडपट झालेली असेल. रस्त्याची रुंदी, कडेचे चर आणि झाडे मात्र १९९२ इतक्याच अंतरावर आहेत. २०२१च्या टार्गा टास्मानियात तीन आणि २०२२मध्ये एक स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्यानंतर झालेल्या चौकशीत गाड्यांचा वेग आणि चालकांचा अनुभव हे दोन्ही मुद्दे ऐरणीवर आले, आणि २०२३ची स्पर्धा रद्द झाली.