जुन्या जीप-ट्रॅक्टरच्या इंजिनाची धुलाई

जुने इंजिन खोलून नव्याने बांधताना सुट्या भागांवरचे ग्रीस, जळके ऑइल, कार्बन, क्षार आणि माती काढण्याचे काम. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत ते मुख्यतः शेतातले जुने ट्रॅक्टर आणि महिंद्राच्या जुन्या जीप यांवर चालते. महिंद्राने विलीज जीपची जुळणी १९४७ साली सुरू केली. त्या वंशातल्या गाड्या हौशी लोक आजही बांधून घेतात. धुलाई पोऱ्याकडे सोपवायची रीत आहे. ती चुकीची आहे, कारण बांधलेले इंजिन किती टिकेल हे बरेचसे इथेच ठरते.

कपाशीच्या काळ्या जमिनीतली चिकणमाती ऑइलच्या गळतीवर बसते आणि वाळली की दगडासारखी होते. तिच्यावर आधी पाणी मारले तर नुसता चिखल होतो; म्हणून थर कोरडाच खरवडतात. जाणता मिस्त्री त्याआधी इंजिनाभोवती एक फेरी मारतो, कारण थर जिथे ओला तिथे गळती. इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, म्हणजे चेंबर, उतरवल्यावर तळाचा गाळही तो बोटांत चोळून पाहतो. चुंबकाला चिकटणारा कीस लोखंडाचा, तांबूस-पिवळा बुशाचा, चंदेरी पापुद्रे बहुधा बेअरिंगचे किंवा पिस्टनचे. धुऊन टाकल्यावर हे काही कळत नाही.

धुण्यासाठी रॉकेल वापरतात. ते मिळेनासे झाले तसे डिझेल आले. पेट्रोल झटपट साफ करते, पण त्याची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते. रॉकेल सुरक्षित, हा समज हिवाळ्यापुरता खरा. भारतीय मानकात त्याची वाफ पेटण्याची किमान मर्यादा ३५ अंश आहे आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या घरात जातो. भर दुपारी टिनाच्या शेडमध्ये रॉकेलचे घमेले उघडे ठेवून शेजारी वेल्डिंग चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

ओतीव लोखंडाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात उकळला तरी चालतो, मात्र चष्मा आणि रबरी हातमोजे हवेत. अॅल्युमिनियमचे पिस्टन आणि कार्ब्युरेटर त्यात कधीच टाकू नयेत: अॅल्युमिनियम विरघळते आणि हायड्रोजन सुटतो. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन रॉकेलमध्ये भिजवून बांबूच्या पट्टीने काढतात. पिस्टनवरच्या रिंगच्या खोबणीसाठी जुनी रिंग मोडून तिचा तुकडा वापरतात. तो खोबणीत नेमका बसतो, फक्त भिंती खरवडल्या जाऊ नयेत. जीपच्या हरिकेन इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे वॉल्व्ह हेडमध्ये (वरच्या झाकणात) आणि धूर बाहेर सोडणारे ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे कार्बन दोन्हीकडे शोधावा लागतो.

अमरावती, अकोला आणि बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक काम वाढते. तिथले खारे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये पडलेले असते. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या चकत्या ठोकून काढल्या की आत क्षार आणि गंजाचा पांढरा-तांबडा गाळ दिसतो. तो तारेने उकरून काढला नाही, तर बाकी सगळे नवे टाकूनही इंजिन तापते.

सर्वांत जास्त हयगय होते ती बोअर होनिंग केल्यानंतर, म्हणजे पिस्टन फिरतो ते भोक दगडाने घासून बारीक रेघा पाडल्यानंतर. रॉकेल ग्रीस विरघळवते, पण होनच्या दगडाची धार असलेली बारीक पूड बोअरच्या रेघांत तशीच राहते आणि नव्या रिंगा खाते. तिथे गरम पाणी, साबणाचा फेस आणि ताठ ब्रशच लागतो. पांढरे फडके बोअरमध्ये फिरवून त्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत घासायचे, मग कोरडे करून लगेच ऑइल लावायचे. पावसाळ्यात एवढ्यातेवढ्या उशिराने तांबूस झाक धरते. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) ऑइलच्या भोकांतून ब्रश आणि हवा दोन्ही जायला हवेत. पुसायला जुने धोतर चांगले. सुताचा वेस्ट (गिरणीतला टाकाऊ सुताचा गुंता) तंतू सोडतो आणि ते भोकांत अडकतात.

जुन्या पॅकिंगमध्ये आणि क्लचप्लेटवर अॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवेने उडवू नये, ओल्या कापडाने टिपावी. वापरलेले रॉकेल डब्यात निवळत ठेवून वरचे पुन्हा घेतात. जळके ऑइल वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासण्याची जुनी चाल आहे. २०१६ च्या नियमांनुसार असे ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे; गावात ते बहुधा गॅरेजमागच्या नालीत जाते.